सप्तकाचे समान भाग: संख्या कशी निवडावी, स्वर कसे लावावेत

सप्तकाचे किती समान भाग करायचे हे ठरवण्यापूर्वी आपल्याला कोणते स्वरांतर शुद्ध ऐकायचे आहे, हे ठरवावे. भाग वाढवले की सगळेच स्वर सुरेल होतात, ही समजूत चुकीची आहे; २४ भाग केले तरी शुद्ध गंधार आणि पंचम १२ भागांच्या सप्तकात जिथे होते तिथेच राहतात.

सेंट हे स्वरांतर मोजण्याचे एकक; सप्तक १२०० सेंटचे असते. त्याला भागांच्या संख्येने भागले की एका पायरीचे माप मिळते. षड्जाशी कंपनसंख्येच्या ५:४ या गुणोत्तराचा गंधार ३८६.३ सेंटवर आणि ३:२ चा पंचम ७०२ सेंटवर येतो. त्यांच्या सर्वांत जवळची पायरी शोधावी. १२ भागांत गंधार सुमारे १४ सेंट चढतो. १९ भागांत गंधार आणि पंचम दोन्ही सात सेंटांहून थोडे अधिक उतरतात, पण ६:५ चा कोमल गंधार जवळजवळ तंतोतंत लागतो. ५३ भागांत पंचम अचूक बसतो, मात्र इतके स्वर हाताळणे अवघड जाते. पहिल्या प्रयोगासाठी मी ३१ भाग सुचवेन, कारण तेथे गंधारातला फरक एका सेंटाहूनही कमी असतो.

षड्ज २४० हर्ट्झवर धरून प्रत्येक पायरीला १.०२२६११ ने गुणत जावे. मधली उत्तरे पूर्णांकात आणू नयेत, कारण चूक साचत जाते. दहाव्या पायरीवर गंधार ३००.१४ हर्ट्झ येतो आणि अठराव्यावर पंचम ३५८.९२.

आता कानाने तपासावे. उपस्वरांनी (मूळ कंपनसंख्येच्या पटीत उमटणाऱ्या स्वरांनी) भरलेला, लांब टिकणारा, ऑर्गनसारखा आवाज निवडून षड्ज आणि गंधार एकत्र धरून ठेवावेत. षड्जाचा पाचवा उपस्वर १२०० हर्ट्झवर आणि गंधाराचा चौथा १२००.५ च्या आसपास असल्यामुळे दोन सेकंदांत जेमतेम एक संथ लहर, म्हणजे आवाजाचा चढउतार, जाणवते. हाच गंधार १२ भागांच्या सप्तकात धरला, तर सेकंदाला नऊ-दहा लहरींची थरथर ऐकू येते. हा फरक एकदा कानात बसला की आकडेमोडीतली चूकही ऐकूनच सापडते.

षड्ज-पंचमात सेकंदाला सुमारे दोन लहरी येतील. त्या घालवण्यासाठी पंचम वर सरकवू नये. तसे केल्यास त्याच्या दोन्ही बाजूंच्या पायऱ्या असमान होतात.