कागदाचे कपडे, कागदी विणकाम: या चुका टाळा

प्रदर्शनाला आठ दिवस उरले होते आणि सुईवरचा कागदी धागा तिसऱ्यांदा तुटला. मी आपली टाके सैल करून बघत होते. चूक झाली होती ती त्याच्या कितीतरी आधी, धाग्यासाठी कागदाच्या पट्ट्या कापताना. कारखान्यातल्या कागदाचे तंतू बहुतेक एकाच दिशेने बसलेले असतात. वर्तमानपत्र उभं फाडा, सरळ फाटतं. आडवं फाडा, वेडंवाकडं जातं. ज्या दिशेला सरळ फाटतं, पट्टीची लांबी त्याच दिशेला हवी. आडव्या पट्टीला पीळ दिला की ती तुटलीच समजा.

रद्दी सरावापुरती ठीक. लाकडाच्या लगद्याचे आखूड तंतू धाग्याला जोर देत नाहीत, शिवाय उन्हात कागद पिवळा पडतो. जपानमध्ये कागदी धाग्याचं शिफू नावाचं कापड विणतात, त्यासाठीचा कागद तुतीच्या कुळातल्या कोझोच्या सालीचा, लांब तंतूंचा असतो. आपल्या नाशिकरोडला छापल्या जाणाऱ्या नोटांचा कागदही कापसाच्या तंतूंचा, म्हणूनच खिशात राहून धुतली गेलेली नोट सहसा शाबूत निघते. कापडाच्या चिंध्यांपासून केलेला पातळ हातकागद मिळाला तर तोच घ्या.

पीळ देताना ओल किती, हे सगळ्यात अवघड. कोरडी पट्टी तडकते, भिजलेलीचा लगदा होतो. पट्ट्या पाण्यात घालू नका. ओला करून घट्ट पिळलेल्या पंचात गुंडाळून ठेवा. पट्टी बोटाला गार लागली पाहिजे, पण बोट ओलं होता कामा नये. मग पाट्याच्या खडबडीत दगडावर तळहाताने वळा आणि टकळीवर पीळ द्या. मे महिन्यात नाशिकची दुपार इतकी कोरडी असते की वळता वळताच पट्टी सुकते, तेव्हा थोड्याच पट्ट्या बाहेर काढा. श्रावणात उलट: तयार धागा डब्यात बंद ठेवला नाही तर मऊ पडतो.

विणायला ८ ते १० मिलिमीटरच्या बांबूच्या सुया घ्या. कागद लोकरीसारखा ताणत नाही, त्यामुळे टाका सुईवर सहज सरकला पाहिजे. चुकलेली ओळ उसवून तोच धागा पुन्हा वापरायचा मोह होतो. वापरू नका, प्रत्येक मुरडीवर तो कमजोर झालेला असतो.

शिवणयंत्रावर बारीक टीप घालणं ही नेहमीची चूक. जवळजवळ पडलेली भोकं म्हणजे पोस्टाच्या तिकिटाची कडच, ओढलं की तिथूनच फाटतं. टीप ४-५ मिलिमीटरची ठेवा, सुई बारीक लावा, आणि काखेत व कमरेला आतून पातळ सुती पट्टी चिकटवा. तिथे घट्ट गोंद नको. वाळल्यावर तो कडक होतो आणि घडीवर कागद चिरतो. मैद्याची पातळ खळ बरी. खळीला कीड लागू नये म्हणून कुणी मोरचूद घालायला सांगेल. ते विषारी आहे, अंगावर घालायच्या वस्तूत अजिबात नको.

आणि उद्घाटनाला समई लावली जाणारच. आयोजकांना आधीच सांगून समई आणि हॅलोजनचे दिवे कागदी कपडे घातलेल्या पुतळ्यांपासून लांब ठेवायला लावा. पंख्याच्या वाऱ्याने कागदी घेर किती लांब उडतो, तेही आदल्या दिवशी पंखा लावूनच बघा.