दारू पिणाऱ्याने दुखण्यावर कोणती गोळी घ्यावी, किती घ्यावी?

पिणाऱ्यालाही ताप-दुखण्यावर पॅरासिटामॉलच बरं, पण मोजून. म्हणून आधी गोळ्यांची स्ट्रिप उलटी करून घटक वाचा. डोलो ६५०मध्ये पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम, कॉम्बिफ्लॅममध्ये ३२५, झेरोडॉल-पीमध्येही ३२५. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही ते असतंच. तापाला एक, सर्दीला दुसरी, कंबरेला तिसरी घेणाऱ्याच्या पोटात तेच औषध तीन नावांनी जातं. सगळ्याची बेरीज करा.

निरोगी प्रौढाला २४ तासांत पॅरासिटामॉल जास्तीत जास्त ४ ग्रॅम चालतं. रोज पिणाऱ्याने २ ग्रॅमच्या आत राहावं: ५००च्या ४ किंवा ६५०च्या ३ गोळ्या, दोन गोळ्यांत किमान ६ तास, तेही दोन-तीन दिवसच. "मी फक्त बिअर घेतो" ही पळवाट नको. ८ टक्क्यांच्या ६५० मिलीच्या बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे व्हिस्कीचे ३० मिलीचे चार पेग.

पॅरासिटामॉलचा थोडा भाग यकृतात विषारी होतो आणि ग्लुटाथायोन हे यकृतातलंच संरक्षक द्रव्य ते विष निकामी करतं. रोजच्या दारूने विष बनवणारं एन्झाइम वाढतं, ग्लुटाथायोन मात्र घटतं. दारू अंगात असेपर्यंत ते एन्झाइम तिच्यातच गुंतलेलं असतं. ती उतरली की मोकळं होतं. म्हणून नेहमी पिणाऱ्याने दुसऱ्या दिवशी, उलट्या झाल्यावर, उपाशीपोटी गोळ्यांवर गोळ्या घेणं सर्वांत धोक्याचं. आधी पाणी, मग पेज किंवा खिचडी, आणि मगच एक गोळी. कधीमधी पिणाऱ्याला एखाद्या नेहमीच्या डोसने सहसा काही होत नाही.

पॅरासिटामॉलला घाबरून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक या दुसऱ्या वेदनाशामकांकडे वळणं हा उलटा शहाणपणा. दारूसोबत त्यांनी जठरातून रक्तस्राव होऊ शकतो आणि सिरोसिस (यकृत कायमचं खराब होऊन कडक होणं) असेल तर मूत्रपिंडंही बंद पडू शकतात. अशा रुग्णाला डॉक्टर बहुधा कमी मात्रेतलं पॅरासिटामॉलच देतात. निमेसुलाइड हे आणखी एक वेदनाशामक थेट यकृतालाच इजा करू शकतं. पिणाऱ्याने ते घेऊच नये.

डोस जास्त झाला तर काविळीची वाट पाहू नका. पहिल्या दिवशी फक्त मळमळ होते, कधी तेही नाही. यकृताची खरी हानी तिसऱ्या-चौथ्या दिवशी शिगेला पोहोचते. एन-अॅसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या ८ तासांत सर्वांत चांगला लागू पडतो. रिकाम्या स्ट्रिप्स घेऊन थेट मोठं रुग्णालय गाठा. कधी आणि किती गोळ्या घेतल्या, दारू किती झाली, हे डॉक्टरांना खरं सांगा.