पैठणी घेताना पदर उलटा करून बघा
येवल्याला किंवा पैठणला पैठणी घ्यायला गेलात की आधी पदर उलटा करा. हातमागावर मोर-पोपट प्रत्येक रंगाच्या वेगळ्या छोट्या कांडीने विणतात, म्हणून नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखीच दिसते. मागे कापलेल्या धाग्यांची झुलपं किंवा लांब सुटे धागे दिसले, तर ती बहुधा यंत्रमागाची. तीही घ्या खुशाल, पण हातमागाच्या भावाने नको! लेबलांत मात्र हमखास गल्लत होते: सिल्क मार्क फक्त रेशीम अस्सल असल्याचं सांगतो, हातमागासाठी हँडलूम मार्क वेगळा असतो. शक्य असेल तर थेट विणकराकडे जा. माग चालताना पाहिला की घासाघीस करायला जीभ रेटत नाही. दुकानातूनच घेत असाल तर बिलावर ‘हातमाग’ असं लिहून घ्या.