चार माणसं, दोन बंदुका, चाळीस गुरं

"चार पुरुष, दोघांकडे रायफली, सुमारे ४० गुरं. दक्षिणेकडून आले. अंतर अंदाजे ६०० मीटर, दुर्बिणीतून पाहिलं."

एका लष्करी निरीक्षकाने रेडिओवरून कळवलेली ही नोंद माझ्या टेबलावर आली, तेव्हा मला एरिट्रियाच्या राजधानीत, अस्मारात, येऊन जेमतेम आठवडा झाला होता. दिवसभरात आलेल्या अशा नोंदींचा एक पानाचा गोषवारा करून वर पाठवायचा, एवढंच माझं काम. मी लिहिलं, "सशस्त्र इथियोपियन टोळीची सुरक्षा क्षेत्रात घुसखोरी." वाक्य मला झकास वाटलं होतं. वरिष्ठांनी कागद पुढ्यात ओढला आणि एकेका शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारत गेले. सशस्त्र? चारांतले दोन. इथियोपियन कशावरून? दक्षिणेकडून आले म्हणून? टोळी? गुरं कोण राखतं, टोळी? घुसखोरी? सीमेची रेघ नेमकी कुठे आहे ते त्या माणसांना ठाऊक होतं का? आणि तुला ठाऊक आहे का?

शेवटचा प्रश्न टोमणा नव्हता. रेघ जमिनीवर नव्हतीच.

शस्त्रसंधीच्या देखरेखीचं, शांतिसेनेच्या मोहिमांमधलं काम करायची इच्छा असलेली मुलंमुली अधूनमधून भेटतात. काय शिकू, कुठून शिरू, असं विचारतात. मी २००४ ते २००६ या काळात इथियोपिया-एरिट्रिया सीमेवरच्या संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत, म्हणजे उनमीमध्ये, स्वयंसेवक म्हणून अहवालांचं काम करत होतो. सांगतो ते तेवढ्याच खिडकीतून दिसलेलं आहे, पण खिडकी चांगल्या जागी होती.

आधी पार्श्वभूमी. मे १९९८मध्ये बादमे नावाच्या एका धुळकट गावावरून चकमक झाली आणि तिचं दोन वर्षांचं युद्ध झालं. खंदक, तोफा, माणसांच्या लाटा. मेलेल्यांचे अंदाज ७० हजारांपासून १ लाखापर्यंत दिले जातात. मध्यस्थी आफ्रिकी एकता संघटनेने केली. अल्जीरियाचे अध्यक्ष बुतेफ्लिका पुढे होते, अमेरिकेकडून अँथनी लेक, युरोपीय संघाकडून रिनो सेर्री. १८ जून २०००ला अल्जीर्समध्ये लढाई थांबवण्याचा करार झाला, १२ डिसेंबरला तिथेच मोठा शांतता करार. इथियोपियाचे मेलेस झेनावी आणि एरिट्रियाचे इसायस अफवेर्की, दोघांनी सह्या केल्या. सुरक्षा परिषदेने ठराव १३१२ने मोहीम उभी केली आणि १३२०ने ४,२०० सैनिकांपर्यंत मंजुरी दिली. त्यात २२० निरीक्षक. दोन सैन्यांमध्ये एरिट्रियाच्या हद्दीत २५ किलोमीटर रुंदीचा पट्टा, म्हणजेच सुरक्षा क्षेत्र, मोकळा ठेवायचा ठरलं. पंचवीसच का? तोफेचा गोळा पलीकडे पोचू नये म्हणून. पट्ट्यात एरिट्रियाचं सैन्य नको, पण पोलीस आणि मिलिशिया (स्थानिक हत्यारबंद दल) मर्यादित संख्येत चालतील, अशी मुभा होती.

या एका मुभेने आमचं अर्धं आयुष्य खाल्लं. मिलिशिया कोण आणि गणवेश बदलून आलेला सैनिक कोण? निरीक्षक काय पाहणार? बूट पाहायचे. हत्यार पाहायचं. दहा जण एकाच पद्धतीने उभे राहतात का ते पाहायचं. मग लिहायचं काय? "सैनिक असावेत" असं लिहिलं की एक राजधानी चिडणार, "मिलिशिया" लिहिलं की दुसरी. आम्ही लिहायचो, "मिलिशियाच्या गणवेशातील ११ पुरुष." गणवेश दिसला होता, माणसाची भरती कुठे झाली ते दिसलं नव्हतं. तीन महिन्यांत मी एवढंच शिकलो म्हटलं तरी चालेल, आणि एम.ए.च्या दोन वर्षांत हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

म्हणून काय शिकावं या प्रश्नावर माझं उत्तर थोडं निराश करणारं असतं. आंतरराष्ट्रीय संबंधांची पदवी हवी, ती नसेल तर अर्ज चाळणीतच गळतो. पण सिद्धांतांवर फार जीव लावू नका. त्यापेक्षा नकाशा वाचायला शिका: समोच्च रेषा, ग्रिड, खरं उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतला फरक. थोडा आंतरराष्ट्रीय कायदा शिका, विशेषतः संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं सहावं आणि सातवं प्रकरण (सहावं वाद शांततेने मिटवण्याचं, सातवं गरज पडल्यास सक्तीच्या कारवाईचं). उनमी सहाव्याच्या अंगाची मोहीम होती, म्हणजे दोन्ही यजमानांच्या संमतीवर उभी. भाषेत फ्रेंच किंवा अरबी. फ्रेंच असेल तर आफ्रिकेतल्या निम्म्या जाहिराती तुमच्यासाठी उघडतात, आणि हे मी फ्रेंच न येणारा माणूस म्हणून हळहळून सांगतोय.

आणि महासचिवांनी सुरक्षा परिषदेला दिलेले अहवाल वाचा. फुकट मिळतात, क्रमाने लागलेले असतात. एकच मोहीम धरा आणि तिचे सगळे अहवाल ओळीने वाचा. उनमीच्या अहवालांत "परिस्थिती स्थिर" या शब्दांना हळूहळू विशेषणं कशी चिकटत गेली ते बघा. "सहकार्य" हा शब्द कधी गाळला जातो, त्यावर लक्ष ठेवा. मुत्सद्देगिरीची भाषा वर्तमानपत्रातून कळत नाही, ती अशी पाठोपाठ वाचूनच कानात बसते.

सीमानिश्चिती आणि सीमांकन यांची गल्लत करू नका. पहिलं कागदावर होतं, दुसरं जमिनीवर खांब रोवून. सर एलिहू लॉटरपॅक्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या सीमा आयोगाने १३ एप्रिल २००२ला हेगमध्ये कागदावरचं काम केलं. गंमत म्हणजे (गंमत तिथल्या लोकांना अजिबात वाटली नाही) निर्णयात रेषा होती, पण बादमे तिच्या कुठल्या बाजूला ते ठळक लिहिलेलं नव्हतं. दोन्ही राजधान्यांनी आधी विजय जाहीर केला! बादमे एरिट्रियाकडे गेलंय हे स्पष्ट झाल्यावर इथियोपियाने निर्णय मानायला नकार दिला. खांब रोवायची वेळ आलीच नाही. शेवटी २००६च्या नोव्हेंबरात आयोगाने खांबांच्या जागा नुसत्या अक्षांश-रेखांशांत सांगितल्या.

आता शिरायचं कुठून. वर्दीचा रस्ता सरळ आहे: भारतीय सैन्यात किंवा पोलिसांत असाल तर प्रतिनियुक्तीने जाता येतं. आमच्याकडे भारतीय बटालियन मधल्या विभागात होती, पश्चिमेला जॉर्डन, पूर्वेला केनिया. २००४ ते २००६मध्ये सेनापतीही भारतीयच होते, मेजर जनरल राजेंदर सिंग. निरीक्षक म्हणून जाणारे अधिकारी बिनहत्यारी असतात हे लक्षात घ्या. पांढरी गाडी, निळी टोपी, दुर्बीण आणि वही. नवख्या अधिकाऱ्यांना पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त धाकधूक लढाईची नव्हे, गाडी चालवायच्या परीक्षेची असायची. मोठ्या जीपची चाचणी नापास झालात तर गस्तच नाही.

बिगरलष्करी लोकांसाठी संयुक्त राष्ट्रांची स्वयंसेवक योजना हे माझ्या मते सर्वांत खरं दार आहे. वयाच्या आणि अनुभवाच्या अटी गटागटाने वेगळ्या असतात, त्या ताज्या बघून घ्या. संयुक्त राष्ट्रांच्याच 'यंग प्रोफेशनल्स' परीक्षेला वयाची मर्यादा ३२ वर्षं आहे, शिवाय त्या वर्षाच्या यादीत आपला देश असावा लागतो, आणि तो असेलच असं नाही. युरोपीय संघाच्या मोहिमा सहसा त्यांच्या सदस्य देशांतून माणसं घेतात, तिकडे वेळ घालवू नका. परराष्ट्र सेवा उत्तमच, पण तिथे तुम्ही एका देशाची बाजू मांडता. पट्ट्यावर बसून दोन देशांच्या मध्ये काहीही न मांडता राहण्याची कला निराळी आहे, आणि दोन्ही मानवणारी माणसं मी फार थोडी पाहिली.

पोचलात की पहिला धडा सुरुंगांचा. रस्ता सोडायचा नाही, लघवीलासुद्धा नाही. रंगवलेले दगड दिसले की पांढरी बाजू साफ केलेली, लाल बाजू धोक्याची. हे सगळ्यांना पाठ असतं आणि तरीही सहा महिन्यांनी माणूस ढिला पडतो. मी एकदा फोटोसाठी दोन पावलं बाजूला गेलो होतो. बरोबरच्या केनियन कॅप्टनने आरडाओरडा केला नाही. त्याने फक्त हात पुढे केला आणि माझ्याच पावलांच्या ठशांवरून मला मागे यायला लावलं. परतीच्या दोन तासांत तो एक शब्द बोलला नाही.

दुसरा धडा कॉफीचा. महिन्यातून एकदा मला गस्तीबरोबर जाऊ द्यायचे. सेनाफेच्या बाजूच्या एका गावात आम्ही वडीलधाऱ्यांना गुरांबद्दल विचारायला गेलो होतो. घरच्या बाईंनी हिरव्या बिया समोरच भाजल्या, धूर प्रत्येकाच्या नाकाशी नेला, कुटून मातीच्या जबेनात उकळायला ठेवल्या. तिथे कॉफीच्या तीन फेऱ्या असतात: अवेल, कालाय, बेरेका. पहिलीत पावसाच्या गोष्टी झाल्या. दुसरीत कुणाचा मुलगा कुठे खंदकात आहे ते कळलं. मी घड्याळाकडे पाहत होतो, अंधाराआधी परतायचं होतं. तिसऱ्या फेरीत म्हातारे म्हणाले, ती गुरं? ती पलीकडच्या माझ्या भाच्याची. आमच्या बाजूला चारा आहे, त्यांच्या बाजूला नाही.

म्हणजे पट्ट्याच्या दोन्ही अंगांना एकच भाषा, तिग्रिन्या, आणि पुष्कळदा एकच कुटुंब. पण हेही लक्षात ठेवा की "भाच्याची गुरं" हे अहवालात जात नाही. अहवालात जातं: "स्थानिक रहिवाशाच्या सांगण्यानुसार". आणि म्हाताऱ्यांचं किंवा गावाचं नाव कुठेही जात नाही, कारण कागद कुणाच्या हाती पडेल याची खात्री आपण देऊ शकत नाही.

अशा तक्रारी लष्करी समन्वय आयोगात जायच्या. एका टेबलाला दोन्ही सैन्यांचे अधिकारी, मध्ये आमचे सेनापती. नैरोबीतल्या बैठकांचे कागद मी तयार करायचो. तिथे एखादा आकडा चुकला की पुढचा तासभर मूळ विषय बाजूला राहतो आणि आकड्यावर भांडण चालतं. चाळीस गुरांची पन्नास झाली तर तुम्ही बाजू घेतली, असं एका पक्षाला प्रामाणिकपणे वाटतं. त्यामुळे "सुमारे" हा शब्द मला आजही प्रिय आहे.

मग २००५चा ऑक्टोबर. एरिट्रिया सरकारने आमच्या हेलिकॉप्टरांवर बंदी घातली. निरीक्षणाचा निम्म्याहून जास्त पट्टा एकदम डोळ्याआड गेला. आजारी माणसाला डोंगरातून रस्त्याने आणायचं म्हटलं तरी अंगावर काटा यायचा. दूरची बरीच ठाणी सोडावी लागली. सुरक्षा परिषदेने ठराव १६४०ने बंदी उठवायला सांगितलं. ती उठली नाही. डिसेंबरात तर अमेरिका, कॅनडा, युरोप आणि रशियाच्या लोकांना दहा दिवसांत देश सोडायला सांगितलं गेलं. आमच्या कक्षात सात टेबलं होती, त्यांतली चार रिकामी झाली. भारतीय असल्याने मी राहिलो. गेलेल्या एकीने तिची कुंडी माझ्या खिडकीत ठेवली होती. तिला पाणी घालताना मला पहिल्यांदा कळलं की आम्ही तिथे कुणाच्या मर्जीवर होतो. जूनच्या अल्जीर्स करारात हमी होती: कुणी मोडला तर आंतरराष्ट्रीय समुदाय सातव्या प्रकरणाखाली पावलं उचलू शकेल. इथियोपियाने सीमेचा निवाडा झुगारला तेव्हा ती हमी कुणी वापरली नाही, आणि ज्याच्या बाजूने निवाडा लागला होता त्याने राग आमच्यावर काढला. एरिट्रियाची रीत मला पटली नव्हती. तिची तक्रार मात्र खोटी होती असं मी आजही म्हणणार नाही. नवख्यांनी या गोष्टीची मनात आधीच तयारी ठेवावी: मोहीम आपलं काम चोख करत असेल आणि तरीही ज्या राजकीय तोडग्याची ती वाट पाहतेय तो येणारच नाही. मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर त्या हिवाळ्यात मी कमी चिडलो असतो.

२००७च्या अखेरीस एरिट्रियाने मोहिमेचं इंधन तोडलं. ३१ जुलै २००८ला मोहीम संपली. मी त्याआधीच बाहेर पडलो होतो.

दहा वर्षांनी, जुलै २०१८मध्ये, इथियोपियाचे पंतप्रधान आबी अहमद अस्मारात उतरले आणि दोन्ही देशांनी युद्ध संपल्याची घोषणा केली. ११ सप्टेंबरला, इथियोपियन नववर्षाच्या दिवशी, सीमेवरचा झलाम्बेसाचा नाका उघडला. वीस वर्षांनी भेटलेली माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत असल्याचा एक फोटो मला जुन्या केनियन कॅप्टनने पाठवला. खाली लिहिलं होतं, "हजारो लोक." मी डोळे पुसले आणि त्याला उलट विचारलं, मोजले कुणी? त्याचं उत्तर आलं: "सुमारे."

त्या डिसेंबरअखेर झलाम्बेसा पुन्हा बंद झालं.