विजयाचं औषध चालू असताना बंदुकीचा परवाना: कोल्हापुरात काय करायचं, आणि अमेरिकेतल्या पोरांनी काय टाळायचं

आमच्या आबांची बारा बोअरची दुनळी भुदरगड तालुक्यात मळ्यातल्या घरी असते, पीक संरक्षणाच्या परवान्यावरची, आणि कॅन्सरची ट्रीटमेंट सुरू झाल्यावर वैद्यांनी त्यांना दुखण्यासाठी आणि झोपेसाठी विजया तेलाचे थेंब चालू केले. विजया म्हणजे भांगेचंच झाड, आयुर्वेदात त्याला हे नाव आहे. नेमकी त्याच वर्षी परवान्याची मुदत संपत आलेली. बहीण म्हणाली, "दादा, त्या बाटलीचं कुणाला सांगू नको, परवाना जाईल बघ." गावातल्या दोघातिघांनी पण हेच सांगितलं. आम्ही सगळं सांगितलं, कागद लावून सांगितलं, आणि परवाना रिन्यू झाला. त्या तीन महिन्यांत काय काय केलं ते लिहितोय, कारण ह्या औषधावर असलेले आणि घरात परवान्याचं हत्यार असलेले पेशंट आपल्याकडं आहेत आणि त्यांना सरळ कुणी सांगत नाही.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा, आपल्याकडं बंदूक बाळगणं हा मूलभूत हक्क नाही, तो शस्त्र अधिनियम १९५९ खाली मिळणारा परवाना आहे. कोल्हापूर जिल्ह्यात पोलीस आयुक्तालय नाही त्यामुळं परवाना देणारे जिल्हाधिकारी, म्हणजे जिल्हा दंडाधिकारी म्हणून. आणि शस्त्र नियम २०१६ प्रमाणं अर्जासोबत डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, त्याचा नमुना एस-३, त्यात शरीर आणि मन तंदुरुस्त आहे का हे तर असतंच पण अर्जदार नशेच्या किंवा अमली पदार्थांवर अवलंबून नाही असं स्पष्ट लिहून द्यावं लागतं. हा शब्द नीट वाचा, अवलंबून. औषध घेतो का असा प्रश्न नाही, व्यसन लागलंय का असा प्रश्न आहे. रात्री वैद्यांनी सांगितले तेवढेच थेंब जिभेखाली घेऊन झोपणारा माणूस आणि दिवसभर चिलीम ओढणारा माणूस ह्यात फरक आहे आणि तो कागदावर दाखवायचं काम आपलं आहे.

आता औषध कायदेशीर आहे का ते आधी बघा, कारण तिथंच बरेच जण घसरतात. आपल्याकडं अमेरिकेसारखं मेडिकल मारिजुआना (म्हणजे औषधी गांजा) कार्ड वगैरे काही नसतं. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलाफळाचे शेंडे, चरस म्हणजे राळ, आणि शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून पानापासनं केलेली आयुर्वेदिक औषधं परवानाधारक कंपन्या करतात, आणि हे द्रव्य औषध नियमांच्या ई-१ परिशिष्टात असल्यामुळं बाटलीवर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं असं छापावं लागतं. पण नुसती भांग महाराष्ट्रात मोकळी आहे असं समजू नका, १९४९ च्या दारूबंदी कायद्यात ती मादक पदार्थात मोडते. (तालमीतली थंडाई वेगळी, ती बदाम खसखशीची, तिचा ह्याच्याशी काही संबंध नाही, एका पाहुण्यानं विचारलं म्हणून सांगतो.) आणि कुणी म्हणालं की तेल कशाला, मी साधा गांजा आणून देतो, दुखणं थांबतं, तर हात जोडून नाही म्हणा. गांजा ओढला म्हणून सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि एकदा तसली केस लागली की परवाना कसा वाचवायचा ते मला तरी माहीत नाही.

म्हणजे तुमच्याकडं काय पाहिजे तर, नोंदणीकृत वैद्यांची चिठ्ठी नोंदणी नंबरासकट, मेडिकलचं किंवा कंपनीचं बिल, आणि औषध मूळ बाटलीत. आबा सवयीनं तेल एका छोट्या होमिओपॅथीच्या बाटलीत ओतून घ्यायचे, खिशात बसते म्हणून. ते पहिलं बंद केलं. लेबल नसलेली बाटली म्हणजे काय आहे ते तुम्ही तोंडी सांगत बसणार, आणि समोरच्याला वासानं एकच गोष्ट कळणार.

मग वैद्यांकडनं एक वेगळं पत्र घ्या, हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. त्यात औषधाचं नाव, किती, कधी घ्यायचं, कशासाठी, कधीपासनं, आणि हे उपचार म्हणून आहे, पेशंटला ह्याचं व्यसन नाही असं वैद्यांचं मत. आमच्या वैद्यांनी अर्ध्या पानात लिहून दिलं. हे पत्र आणि ऑन्कॉलॉजिस्टची, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरची, फाईल घेऊन एस-३ भरणाऱ्या डॉक्टरकडं जायचं. कुठल्या डॉक्टरचं सर्टिफिकेट चालतं ते आधी नागाळा पार्कात कलेक्टर ऑफिसला शस्त्र परवान्याच्या टेबलाला विचारून घ्या, नाहीतर दोन हेलपाटे होतात. एका दवाखान्यात आम्हाला आबांना न बघताच सही शिक्का मारून कागद दिला, औषध काय चालू आहे हा रकाना पण कोरा. मला तो घेऊन घरी यायला बरं वाटलं नाही, दुसऱ्या दिवशी परत दुसऱ्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी अर्धा तास घेतला, आबांना विचारलं की एखाद्या दिवशी थेंब नाही घेतले तर काय होतं, डोस वाढवावासा वाटतो का, सकाळी उठल्यावर डोकं जड असतं का, हात थरथरतात का. आबा म्हणाले, "नाही घेतलं तर दुखतं, बाकी काय नाही." डॉक्टरांनी औषध नावानिशी लिहिलं आणि खाली अवलंबून नाही असं लिहिलं.

का लपवायचं नाही ह्याचं कारण कायद्यातच आहे. शस्त्र अधिनियमाच्या कलम १७ प्रमाणं महत्त्वाची माहिती दडवून किंवा चुकीची माहिती देऊन परवाना घेतला असेल तर तो रद्द करता येतो. म्हणजे आज लपवलं आणि दोन वर्षांनी भावकीत वाद झाला आणि कुणी अर्ज टाकला, तर औषध राहतं बाजूला आणि लपवलं हाच गुन्हा होऊन बसतो. आपल्याकडं बांधावरनं किती अर्ज पडतात ते तुम्हाला सांगायला नको.

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, परवान्यावर यूआयएन, म्हणजे परवान्याचा ओळख नंबर, आहे का ते आधी तपासा, मुदत संपायच्या दोन अडीच महिने आधीच सुरुवात करा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झालाय, आधी तीन वर्षांचा होता, आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोन हत्यारं. पेशंटला कागद आणि हत्यार घेऊन फिरणं झेपत नसेल तर एक सोय आहे जी लोकांना माहीत नसते, रिन्यूअलसाठी किंवा दुरुस्तीसाठी परवानाधारकाच्या लेखी परवानगीनं दुसरा माणूस हत्यार नेऊ शकतो. पण ती चिठ्ठी सोबत पाहिजे, तारीख आणि बंदुकीचा नंबर घालून. आबांनी लिहून दिल्याशिवाय मी बंदुकीला हात लावला नाही, घरचा मुलगा असलो तरी माझ्या नावावर परवाना नाही.

चौकशीला ठाण्यातनं हवालदार घरी आले तेव्हा आबांनी स्वतःच कपाट उघडून दाखवलं. बंदूक मोडून, म्हणजे नळ्या बिजागरीवर खाली पाडून, कुलपात. काडतुसं वेगळ्या पत्र्याच्या पेटीत, तिची चावी वेगळी. औषध तिसरीकडं, देवघराजवळच्या फळीवर चिठ्ठीत गुंडाळलेलं. हवालदारांनी बाटली फिरवून लेबल वाचलं, चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढला, आणि विचारलं, "रात्री डुकरं आली तर काय करता आजोबा?" आबा म्हणाले, "फटाके लावतो, बॅटरी मारतो. थेंब घेतल्यावर बंदूक नाही." मला ते उत्तर आवडलं कारण आम्ही घरात तसंच ठरवलं होतं, संध्याकाळी सातनंतर कपाट उघडायचं नाही. ह्या औषधानं झापड येते, नजर आणि हात दोन्ही मंद होतात, हे कबूल केलंच पाहिजे. तुमचा डोस दिवसापण चालू असेल किंवा सकाळी डोकं जड राहत असेल तर माझं स्पष्ट मत आहे, बंदूक तात्पुरती ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र दुकानदाराकडं जमा करा आणि पावती घ्या. निवडणुकीच्या आचारसंहितेत आपण जमा करतोच की, त्यात कमीपणा काही नाही. आणि पीक संरक्षणाचा परवाना असला तरी गव्यावर बार टाकायची मुभा त्यातनं मिळत नाही, गवा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

नाकारलंच तर घाबरू नका. कारण लेखी नोंदवावं लागतं, आणि मागितल्यावर त्याचा थोडक्यात मजकूर द्यावा लागतो, सार्वजनिक हिताची अडचण नसेल तर. ते मागा. कलम १८ खाली तीस दिवसांत अपील करता येतं, आपलं पुण्याला विभागीय आयुक्तांकडं जातं, आणि तिथं तुमचं ते वैद्यांचं अर्धं पान कामाला येतं.

आता अमेरिकेचं, कारण माझा पुतण्या मिशिगनला आहे, पाठीच्या दुखण्यासाठी त्यानं तिथलं राज्याचं कार्ड काढलं आणि मला फोनवर विचारत होता की काका, घरी एक पिस्तूल घेऊ का. तिथं सगळं उलटं आहे. तिथं बंदूक हा घटनेतला हक्क, पण १९६८ च्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कायद्यात अमली पदार्थ बेकायदेशीर वापरणाऱ्याला बंदूक बंद. राज्यानं मारिजुआनाला परवानगी दिली तरी फेडरल कायदा ती मानत नाही, बंदूक घेताना दुकानात भरायच्या फॉर्म ४४७३ वर २०१६ च्या सुधारणेत हे ठळक छापलं. त्याआधी २०११ मध्ये शस्त्रांवर देखरेख ठेवणाऱ्या एटीएफ नावाच्या केंद्राच्या खात्यानं दुकानदारांना पत्र काढलं होतं की गिऱ्हाइकाकडं कार्ड आहे हे कळलं तर विकू नका. नेवाडातल्या एका बाईंना तसंच परत पाठवलं, त्या कोर्टात गेल्या आणि २०१६ मध्ये अपील कोर्टात हरल्या. तिथं कार्ड असणं हेच आड आलं, व्यसन आहे का नाही हे विचारायची वेळच आली नाही. वारं थोडं बदलतंय, २०२५ च्या ऑगस्टमध्ये फ्लोरिडातल्या पेशंटांचा दावा अपील कोर्टानं परत उभा केला, आणि ऑक्टोबरात हेमानी नावाच्या खटल्यात हा कायदा सुप्रीम कोर्टानं तपासायला घेतला. पण कोर्टातल्या बातमीवर कुणी बंदूक विकत घेऊ नये, त्या दिवशीची स्थिती तिथल्या वकिलाला विचारूनच काय ते करावं. आणि फॉर्मवर खोटं तर अजिबात लिहू नये, बायडेन यांच्या मुलाला जून २०२४ मध्ये त्याच फॉर्मवरच्या खोट्या उत्तरापायी दोषी ठरवलं, नंतर वडिलांनी माफी दिली, आपल्या पोरांना कोण देणार.

आपल्या पोरांसाठी आणखी एक अडचण आहे. एच-१बी, म्हणजे तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांना तिथं बंदूक बाळगायला मुळातच मनाई आहे, शिकारीचं लायसन्स वगैरे मोजके अपवाद सोडून. शिवाय मारिजुआना घेतो असं कबूल करणं ग्रीन कार्डच्या वेळी नडू शकतं, राज्याचं कार्ड असलं तरी. म्हणून त्याला सांगितलं, पिस्तुलाचं डोक्यातनं काढ, रेंजवर भाड्याची पण उडवू नको, आणि इमिग्रेशनच्या वकिलाला आधी भेट. त्यानं ऐकलं.

इकडं आबांचं पुढचं ठरलंय. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडं असलं की हयातीतच वारसाच्या नावावर परवान्यासाठी अर्ज करता येतो. आबा बहात्तरचे आहेत. मी अर्ज भरतोय, माझं स्वतःचं मेडिकल, सुरक्षेचं ट्रेनिंग सगळं नव्यानं. सकाळी नाष्ट्यानंतर आबा बंदूक काढतात, त्यांच्याच हातात असते, मी शेजारी बसून बघतो. आधी मोडायची, दोन्ही नळ्या खिडकीकडं धरायच्या आणि आरपार उजेड दिसला तरच फडकं घालायचं. काल त्यांनी दोनदा बघितलं, परत एकदा बघितलं, आणि मग फडकं माझ्याकडनं मागून घेतलं.