फ्लेकएटची कॉन्फिग लागत नाहीये? या चुका टाळा

फ्लेकएट म्हणजे पायथन कोडमधल्या चुका दाखवणारं टूल. होम फोल्डरमधे एकदाच त्याची कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची फाईल टाकून ठेवायची आणि सगळ्या पायथन प्रोजेक्टला तीच लागणार, हे आधी चालायचं, आता नाही. २०२१ मधे ४.० आलं तेव्हाच ते काढून टाकलं, पण जुनी ट्युटोरियल्स अजून तेच सांगतात आणि लोक फाईल टाकून वाट बघत बसतात. आता ते जिथून कमांड मारली तिथून शोधायला लागतं, सेटअप डॉट सीएफजी, मग टॉक्स डॉट आयएनआय, मग डॉट फ्लेकएट, नाही सापडलं की एक फोल्डर वर, असं करत होमच्या दारातून परत फिरतं. ज्या पहिल्या फाईलमधे फ्लेकएटचं सेक्शन दिसलं तीच घेतं, बाकीच्या त्यात मिसळत नाही. म्हणजे सेटअप डॉट सीएफजीत कोणीतरी कधीकाळी दोन ओळी टाकून ठेवल्या असतील तर तुमची नवीकोरी डॉट फ्लेकएट कोणी वाचतच नाही. पायप्रोजेक्ट डॉट टॉमलमधे लिहिलं असेल तर विषयच संपला, ती फाईल फ्लेकएट स्वतःहून बघत नाही.

सगळ्यात डोकं खाणारी चूक इग्नोरची, म्हणजे कुठले नियम तपासायचे नाहीत ते सांगणाऱ्या सेटिंगची. लांब ओळींची कटकट नको म्हणून इग्नोरमधे फक्त ई५०१ हा त्या नियमाचा कोड टाकला, आणि अचानक डब्ल्यू५०३ आणि डब्ल्यू५०४ दोन्ही यायला लागले. ओळ ऑपरेटरच्या आधी तोडली तरी ओरडतं, नंतर तोडली तरी ओरडतं, आई जेवू घालीना बाप भीक मागू देईना. कारण एवढंच की हे दोन्ही नियम मुळात डिफॉल्ट इग्नोरच्या यादीत असतात आणि तुमचं इग्नोर त्या यादीत भर घालत नाही, ती पूर्ण यादीच उडवतं. त्याऐवजी एक्स्टेंड-इग्नोर वापरा, ते यादीत भर घालतं. आणि खरं तर ई५०१ बंद करण्यापेक्षा मॅक्स-लाइन-लेंथ ७९ वरून ८८ करा, ब्लॅक हा कोड फॉरमॅटर वापरत असाल तर तेच बरं पडतं.

६.० नंतर अजून एक, कॉन्फिग फाईलमधे इग्नोरसारख्या यादीत ई५०१ वगैरे कोडच्या पुढे त्याच ओळीत हॅश देऊन कमेंट लिहिली की थेट एरर. कमेंट वेगळ्या ओळीवर घ्या.

सगळीकडे एकच फाईल हवीच असेल तर डॅश डॅश अपेंड-कॉन्फिग देऊन शेलमधे एलियस, म्हणजे त्या कमांडचं टोपणनाव करा. टीमच्या रेपोत मात्र फाईल रेपोतच ठेवा, तुमचा एलियस सीआयच्या, म्हणजे कोड आपोआप तपासणाऱ्या मशीनवर नसतो.

तरी शंका असेल तर एकदा नेहमीसारखं चालवा, एकदा डॅश डॅश आयसोलेटेड लावून. त्याने सगळ्या फाईली बाजूला पडतात, आणि तरीही दोन्ही वेळा आउटपुट सेम आलं तर बहुतेक तुमची कॉन्फिग वाचलीच जात नाहीये.