नवा रास्पबेरी पाय तपासायचा तर आधी वीज, मग ‘नमस्कार’, मग एलईडी

रास्पबेरी पाय ४ या एका बोर्डवरच्या छोट्या संगणकावर डेस्कटॉप दिसला म्हणजे बोर्ड कामाला तयार झाला असे नाही. लगेच मोठा प्रोजेक्ट चढवला आणि तो अडला, तर दोष विजेचा, कंपायलरचा (कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणाऱ्या साधनाचा) की जोडणीचा, हे कळत नाही. म्हणून एका प्रोग्रामने एकच गोष्ट तपासावी.

आधी वीज. ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा यूएसबी-सी अडॅप्टर हवा. मोबाइलचा जुना चार्जर नको. टर्मिनलमध्ये ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ (vcgencmd get_throttled) ही कमांड चालवा. ०एक्स० (0x0) आले तर ठीक. ०एक्स५०००० (0x50000) आले तर बोर्ड सुरू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडले आणि प्रोसेसरचा वेगही उतरवावा लागला. केबल बदला आणि रीबूट करा, कारण ही नोंद रीबूटशिवाय पुसत नाही.

मग ‘सी’ भाषेतला छोटा प्रोग्राम: ‘नमस्कार’ छापा, खाली पॉइंटरचा (मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलचा) साइझ बाइटमध्ये छापा. जीसीसी या कंपायलरने बोर्डवरच कंपाइल करा आणि नावाआधी डॉट-स्लॅश लावून चालवा. साइझ ८ आला म्हणजे सिस्टिम ६४ बिट, ४ म्हणजे ३२. यासाठी कर्नलची (सिस्टिमच्या गाभ्याची) माहिती देणाऱ्या ‘यूनेम’ कमांडवर विसंबू नका, ३२ बिट सिस्टिमखालीही कर्नल ६४ बिटचा असू शकतो. इंटेल लॅपटॉपवर बनवलेली फाइल आणून चालवलीत तर ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ येणारच. फसवी एरर वेगळीच आहे: फाइल समोर दिसत असताना ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. तिथे फाइल नव्हे, तिला लागणारा लोडर (प्रोग्राम मेमरीत चढवणारी सिस्टिमची फाइल) सापडत नसतो. ३२ बिटचा प्रोग्राम ६४ बिट सिस्टिमवर नेला की हे हमखास होते.

आता एलईडी. बोर्ड बंद करूनच जोडा. ११ नंबरच्या पिनपासून ३३० ओहमचा रेझिस्टर, पुढे एलईडीचा लांब पाय. आखूड पाय ९ नंबरच्या ग्राउंडला. पिनवर ३.३ व्होल्ट असतात, लाल एलईडी साधारण २ खातो, म्हणजे जेमतेम ४ मिलिअँपिअर वाहतात. रेझिस्टर गाळलात तर पिन जळू शकते.

पायथॉनमध्ये जीपीआयओ-झीरो लायब्ररीच्या एलईडीला १७ हा आकडा द्या, कारण ११ नंबरच्या पिनचे जीपीआयओ (प्रोग्रामने चालू-बंद करता येणाऱ्या पिनांचे) नाव १७ आहे. इथेच बहुतेकांची गल्लत होते. वायर मोजून १७ नंबरच्या पिनला लावली तर एलईडी न लुकलुकता पेटलेलाच राहतो. तिथे कायम ३.३ व्होल्ट असतात. ‘ब्लिंक’नंतर ‘पॉज’ लिहायला विसरू नका. लुकलुक मागच्या थ्रेडवर, म्हणजे प्रोग्रामच्या समांतर धाग्यावर चालते. प्रोग्राम संपला की एलईडीही विझतो.

शेवटी सीरियल, म्हणजे एकेक बिट करून डेटा पाठवणारा पोर्ट. ‘रास्पी-कॉन्फिग’ या सेटिंगच्या साधनात सीरियल लॉगिन बंद आणि पोर्ट चालू ठेवून रीबूट करा. ८ (पाठवणारी) आणि १० (घेणारी) या पिना जम्परने, म्हणजे छोट्या वायरने जोडा. त्याच रांगेत २ आणि ४ वर ५ व्होल्ट आहेत, आणि जीपीआयओ पिनांना ते सोसत नाहीत. मेमरी कार्डाच्या बाजूच्या टोकापासून नीट मोजा. मिनीकॉम या सीरियल टर्मिनल प्रोग्राममध्ये १,१५,२०० बॉड वेगावर, हार्डवेअर फ्लो कंट्रोल (वेगळ्या तारांनी डेटा थांबवण्या-सोडण्याची सोय) बंद करून टाइप करा. अक्षरे परत यायला हवीत. जम्पर काढल्यावरही ती दिसत राहिली तर लोकल एको (टाइप केलेले मिनीकॉमनेच दाखवणे) चालू आहे, चाचणी झालेलीच नाही.